२००९ चं अमेरिकी स्टिम्युलस: एनआयएचचे १०.४ अब्ज डॉलर विद्यापीठांत पोचले कसे, अडले कुठे?

धोरणवाचक

नमस्कार मंडळी. सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमासाठी टिपण करतो आहे. विषय असा: मंदीत सरकार बाजारात पैसा ओततं, त्यातला काही भाग विद्यापीठांतल्या आरोग्य-संशोधनाला दिला तर तो नेमका कसा वाहतो? उदाहरण म्हणून अमेरिकेचा २००९ चा रिकव्हरी ॲक्ट घेतला आहे. ढोबळ आकडे कुठेही मिळतात, मधली नळजोडणी मात्र दिसत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो:

१. एनआयएचला (आरोग्य-संशोधनाला पैसा देणारी अमेरिकी सरकारी संस्था) मिळालेल्या १०.४ अब्ज डॉलरची फोड काय होती?
२. इतक्या घाईत हजारो प्रकल्प निवडले कसे?
३. 'इतके रोजगार टिकले' हा आकडा एखाद्या प्रयोगशाळेपुरता कसा काढत?
४. दोन वर्षांनी नळ बंद झाल्यावर काय झालं?

आपल्याकडे याच्या जवळपास जाणारं काही घडलं असेल तर तेही सांगा. स्टिम्युलस चांगलं की वाईट हा वाद कृपया इथे नको, तो दुसऱ्या धाग्यावर चालू आहेच.

---

मंजुरीपत्र

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो.

१७ फेब्रुवारी २००९ ला ओबामांनी डेन्व्हरमध्ये कायद्यावर सही केली. एनआयएचचा वाटा असा: थेट संशोधनाला ८.२ अब्ज, विद्यापीठांमधल्या संशोधन-इमारतींच्या बांधकाम-दुरुस्तीला १ अब्ज, सामाईक वापराच्या उपकरणांना ३० कोटी, एनआयएचच्या स्वतःच्या इमारतींना ५० कोटी, आणि तुलनात्मक परिणामकारकतेच्या संशोधनाला (कुठला उपचार कुठल्यापेक्षा सरस, याच्या) ४० कोटी. हे शेवटचे ४० कोटी एएचआरक्यू या दुसऱ्या सरकारी आरोग्य-संस्थेच्या नावावर टाकून तिथून वळते केले होते, त्यामुळे काही तक्त्यांत एनआयएचचा आकडा १० अब्जच दिसतो. गोंधळून जाऊ नका. ८.२ मधले ७.४ अब्ज कर्करोग, हृदयविकार, मेंदूविकार वगैरे संस्थांना त्यांच्या नेहमीच्या अंदाजपत्रकाच्या प्रमाणात वाटले आणि ८० कोटी संचालकांच्या कार्यालयाकडे राहिले.

एनआयएचचं वर्षाचं अंदाजपत्रक तेव्हा ३० अब्जांच्या आसपास होतं. म्हणजे ही वर्षाच्या एक तृतीयांशाएवढी जादा रक्कम, आणि तीही एकदाच. मूळ मसुद्यात ती साडेतीन अब्जच होती. सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी दुरुस्ती आणून साडेसहा वाढवले. विधेयकाच्या बाजूने मत देणारे सिनेटमधले रिपब्लिकन तिघेच, त्यात ते एक. त्यांच्या मताची किंमत तेव्हा काय होती ते यावरून कळतं.

टिपणात एक गोष्ट मात्र ठळक करा. कायद्यातली ३० सप्टेंबर २०१० ही पैसे खर्चण्याची मुदत नव्हती, मंजुरीपत्र देऊन पैसे बांधण्याची होती. एनआयएचने त्या दिवसापर्यंत अनुदान मंजूर केलं की त्यांचं काम झालं. विद्यापीठ ते पुढची दोन वर्षं खर्चत राहणार. बातम्यांमध्ये 'पैसे पडून आहेत' अशी ओरड व्हायची ती बरीचशी या दोन तारखांच्या घोळातून.

आता निवड. कामं एकाच वेळी चार रस्त्यांनी चालली होती.

पहिला रस्ता सगळ्यात जलद. आधीच तज्ज्ञ-परीक्षण झालेले, गुण चांगले पण कट-ऑफच्या जरा बाहेर राहिलेले आर०१ (एनआयएचचं नेहमीचं संशोधन-अनुदान) अर्ज कपाटात होतेच. ते काढून दोन वर्षांपुरते मंजूर केले. चार-पाच वर्षांचा आराखडा दोन वर्षांत बसवायचा म्हणून संशोधकाकडून उद्दिष्टं कमी करून नवा आराखडा मागवायचे.

दुसरा रस्ता पुरवण्यांचा. चालू अनुदानाला जोडून एक तंत्रज्ञ, एक उपकरण, उन्हाळ्यात विद्यार्थी किंवा शाळेतले विज्ञान-शिक्षक, असं काही. मूळ उद्दिष्ट तेच असेल तर प्रशासकीय पुरवणी, ती एनआयएचमध्येच मंजूर व्हायची. उद्दिष्टच वाढवायचं असेल तर स्पर्धात्मक दुरुस्ती, म्हणजे पुन्हा परीक्षण.

तिसरा चॅलेंज ग्रँट, कोड आरसी१. गाजावाजा झाला तो याचाच. १५ विषयक्षेत्रं, दोन वर्षं, वर्षाला जास्तीत जास्त ५ लाख डॉलर. इथे पुष्कळ जण फसले, कारण ही मर्यादा एकूण खर्चाची होती, म्हणजे विद्यापीठाचा अप्रत्यक्ष खर्च (वीज, इमारत, कार्यालय वगैरेंचा वाटा) धरून. अप्रत्यक्ष दर ५० टक्के असेल आणि सगळा खर्च त्या दराला पात्र असेल तर संशोधकाच्या हातात ५,००,००० भागिले १.५, म्हणजे सुमारे ३,३३,००० डॉलरच. नेहमीच्या सवयीने ५ लाख थेट खर्च धरून आखलेला प्रकल्प तिथेच कोलमडतो.

अर्जाची मुदत २७ एप्रिल २००९. आले किती? २० हजारांच्या वर. आणि मिळाले सुमारे ८४०. शंभरात चार! परीक्षक शोधताना आणखी पेच, कारण त्या विषयातला जो जाणता माणूस, त्याचा स्वतःचाही अर्ज आत असायचा. मग दोन टप्पे केले: आधी दूरस्थ परीक्षकांनी घरबसल्या गुण द्यायचे, मग छोट्या मंडळाने चाळणी करायची.

चौथा ग्रँड ऑपॉर्च्युनिटी, आरसी२. वर्षाला ५ लाखांच्या वरची मोठी कामं. तंत्रज्ञान, माहितीसाठे, मोठे समूह-अभ्यास. तिथली मुदत महिनाभर नंतरची.

माझं मत विचाराल तर पहिले दोन रस्ते स्टिम्युलसच्या हेतूला जास्त धरून होते. आरसी१ने वीस हजार अर्ज लिहून घेतले आणि एकोणीस हजारांवर माणसांचा तो वसंत वाया घालवला.

---

पै_पैचा_हिशोब

प्रश्न ३ माझ्या टापूतला.

कायद्याचं कलम १५१२. तिमाही संपल्यावर दहा दिवसांत फेडरलरिपोर्टिंग डॉट गव्ह या संकेतस्थळावर अहवाल. पहिला अहवाल ऑक्टोबर २००९ चा. १ ते १० तारीख भरणी, ११ ते २१ मुख्य संस्थेची तपासणी, २२ ते २९ सरकारी खात्याची तपासणी, ३० ला जनतेसमोर. प्रत्येक अनुदानाचा स्वतंत्र अहवाल, त्यामुळे मोठ्या विद्यापीठाला तिमाहीला शेकड्यांनी भरावे लागत. २५ हजार डॉलरच्या आतली अनुदानं वगळली होती.

रोजगार मोजण्याची रीत मधेच बदलली. पहिल्या फेरीत 'निर्माण झालेला किंवा टिकलेला' असा शब्द होता. म्हणजे अनुदान नसतं तर हा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा कंत्राटी संशोधक) घरी गेला असता का, याचा अंदाज कारकुनाने करायचा. प्रत्येकाची व्याख्या वेगळी. डिसेंबर २००९ मध्ये ओएमबीने (राष्ट्राध्यक्षांचं अंदाजपत्रक कार्यालय) ते काढून टाकलं आणि साधं सूत्र दिलं: या पैशातून पगार दिलेले तास भागिले पूर्णवेळ तिमाहीचे तास. अनुदान नसतं तर काय, हा प्रश्नच बाद.

१३ आठवडे गुणिले ४० तास म्हणजे ५२०. एक प्रयोगशाळा घ्या:

- पोस्टडॉक, पूर्ण पगार यातूनच: ५२०/५२० = १.००
- तंत्रज्ञ, पाच आठवडे उशिरा रुजू: ३२०/५२० = ०.६२
- पीएचडी विद्यार्थी, आठवड्याला २० तास: २६०/५२० = ०.५०
- मुख्य संशोधक, १० टक्के वेळ: ५२/५२० = ०.१०

एकूण २.२२. चार माणसं, पण रोजगार २.२२. आणि हा आकडा त्या तिमाहीचा. पुढच्या तिमाहीतही हीच माणसं असतील तर (तंत्रज्ञ आता पूर्ण धरून) २.६० येईल, दोन्हींची बेरीज ४.८२ रोजगार अशी कधीच करायची नाही. खर्चाचे रकाने मात्र सुरुवातीपासूनचे एकत्रित. एकाच अर्जात एक रकाना तिमाहीचा आणि शेजारचा एकत्रित, मग चुका होणार नाहीत तर काय!

नेहमीच्या चुका:

अनुदान क्रमांकात एखादी रेघ किंवा शून्य कमी-जास्त. सरकारी यादीशी जुळत नाही, अहवाल 'न भरलेला' दिसतो.

मतदारसंघाचा क्रमांक. यावरून नोव्हेंबर २००९ मध्ये चांगलीच नाचक्की झाली. हे अहवाल जनतेला दाखवणाऱ्या रिकव्हरी डॉट गव्हवर अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघांत रोजगार निर्माण झालेले दिसत होते. घोटाळा वगैरे काही नव्हता, रकान्यात कुणीही काहीही आकडा टाकला तरी यंत्रणा तो घेत होती.

खर्च शून्य आणि रोजगार भरलेले. जीएओने (अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था) पहिली फेरी तपासली तेव्हा असे सुमारे ४,००० अहवाल सापडले, त्यांतले रोजगार ५० हजारांच्या वर. यातल्या काहींचं कारण साधं असतं: काम आधी, बिल नंतर.

उपअनुदान. तुमच्या विद्यापीठाने दुसऱ्याला भाग दिला असेल तर त्याचे तासही तुमच्याच अहवालात. त्यांच्याकडून आकडे पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत आले नाहीत तर संपलं. शिवाय विद्यापीठात पगारपत्रक बंद होऊन खात्यांत उतरायलाच आठवडा जातो आणि कोणी किती वेळ कुठल्या प्रकल्पाला दिला याचं प्रमाणन सत्र संपल्यावर होतं. त्यामुळे दहा दिवसांत भरलेला आकडा कच्चाच.

अवांतर: कलम १६०४ प्रमाणे हा पैसा जुगारघर, मत्स्यालय, प्राणिसंग्रहालय, गोल्फचं मैदान आणि जलतरण तलाव यांना वापरायला बंदी होती. मत्स्यालयाने कोणाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

---

उणे_ऐंशी

वरच्या दोघांनी कागदाची बाजू दिली, मी प्रयोगशाळेतल्या बाकाची देतो. दोन वर्षं म्हणजे २४ महिने नसतातच.

मंजुरीपत्र सप्टेंबरात आलं. माणसांवरचा अभ्यास असेल तर नैतिक समितीची मान्यता, प्राणी असतील तर प्राणी समितीची. जागेची जाहिरात, निवड, रुजू होणं, यात तीन-चार महिने सहज. उमेदवार परदेशात असेल तर व्हिसाचे त्यावर. म्हणजे खरं काम पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू. शेवटचे तीन महिने विश्लेषण आणि लिखाण. हातात उरतात पंधरा-सोळा महिने.

आता त्या काळचं तंत्र आठवा. उंदरात क्रिस्पर (जनुकं झटपट बदलण्याचं तंत्र) यायला अजून तीन-चार वर्षं होती. एखादं जनुक बंद केलेला उंदीर बनवायचा म्हणजे भ्रूण-मूलपेशींत बदल, मग संकरित पिल्लं, मग त्यांच्यातून शुद्ध पैदास. वर्ष-दीड वर्ष त्यातच. ज्यांनी नवा उंदीर बनवून त्यावर प्रयोग असं लिहिलं त्यांचे उंदीर तयार झाले तेव्हा पैसे संपत आले होते. रुग्णभरतीवर टेकलेल्या अभ्यासांचंही तेच.

जे जमलं ते बघा. कैसर पर्मनन्टे ही आरोग्यसेवा संस्था आणि सॅन फ्रान्सिस्कोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांना आरसी२ मधून २.४८ कोटी डॉलर मिळाले, १ लाख लोकांचं जनुकीय टंकन (जीनोटायपिंग) करायला. वेळेत झालं. का? लाळेचे नमुने आधीपासून गोळा होत होते, संमतीपत्रं झालेली होती, रुग्णांच्या नोंदी संगणकावर वर्षानुवर्षांच्या होत्या. उरलं होतं ते यंत्रातून नमुने काढायचं काम, आणि ते यंत्र, रसायनं, माणसं लावली की वेगात होतं. कर्करोगाच्या जनुकीय बदलांचा नकाशा करणाऱ्या कॅन्सर जीनोम ॲटलसला १७.५ कोटी मिळाले तेव्हाही प्रायोगिक टप्पा होऊन गेला होता. घाईचा पैसा तयार वाफ्यात टाकला तरच उगवतो.

उपकरणांच्या ३० कोटींबद्दल. एस१० या उपकरण-अनुदानात यंत्राची किंमत मिळते; अप्रत्यक्ष खर्च मिळत नाही, वार्षिक देखभाल-करार मिळत नाही, जागा तयार करण्याचा खर्चही विद्यापीठाचा. उच्च श्रेणीच्या यंत्रांची मर्यादा या वेळी ८० लाखांपर्यंत नेली होती. ८ लाखांचा मास स्पेक्ट्रोमीटर घ्या. देखभाल साधारण किमतीच्या दहा टक्के, म्हणजे पहिल्या वर्षाची हमी संपल्यावर दर वर्षी ८० हजार. हे भागवायचं तर तासाचा वापर-दर लावावा लागतो. वर्षाला एक हजार तास वापर झाला तर नुसत्या देखभालीचे तासाला ८० डॉलर, चालकाचा पगार वेगळा. २०११ नंतर वापरणाऱ्यांचीच अनुदानं आटली, तास कमी झाले, दर चढला, तास आणखी कमी झाले.

बांधकामाचे १ अब्ज सगळ्यात संथ. कलम १६०५ प्रमाणे लोखंड, पोलाद आणि तयार माल अमेरिकेतलाच. कलम १६०६ प्रमाणे त्या भागातला प्रचलित मजुरी-दर आणि दर आठवड्याचं प्रमाणित पगारपत्रक. त्यात पर्यावरण आढावा आणि इमारत जुनी असेल तर वारसा-जतनाची तपासणी. अर्जात नकाशे तयार असलेल्यांचंच निभावलं.

आणि भारतीय पोस्टडॉक मंडळींमध्ये तेव्हा पसरलेली एक अफवा: 'स्टिम्युलसचे पैसे घेणाऱ्याला एच-१बीवर (परदेशी कुशल कामगारांचा व्हिसा) माणूस घेता येत नाही.' चूक. या कायद्यातलं कलम १६११ बँका वगैरे बेलआउट घेणाऱ्या संस्थांपुरतं होतं. एनआयएचचं अनुदान घेतलेलं विद्यापीठ त्यात येत नव्हतं. पण आय-१२९ या व्हिसासाठी मालकाने भरायच्या अर्जात तसा प्रश्न नव्याने आल्यामुळे काही कार्यालयं उगाच बिचकली.

---

धोरणवाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, अपेक्षेपेक्षा खूपच मिळालं. उपप्रश्न दोन. चालू अनुदानाला पुरवणी मिळाली तर दोन्हींचे पैसे एकाच खात्यात टाकून चालत होतं का? आणि मुदतीत न खर्चलेल्या पैशाचं काय?

---

पै_पैचा_हिशोब

नाही, मिसळायला सक्त मनाई. पुरवणीला वेगळं मंजुरीपत्र, विद्यापीठात वेगळं खातं, पैसे उचलतानाही वेगळं उपखातं. संशोधन तेच, बाक तेच, तरी अभिकर्मकाची बाटली कुठल्या खात्यातून घेतली ते खरेदी करतानाच ठरवायचं. दोन्हींसाठी वापरायची असेल तर वाटपाचं प्रमाण आधी लिहून ठेवायचं. नंतर खर्च इकडून तिकडे हलवला आणि त्याला ९० दिवस उलटून गेले असतील की लेखापरीक्षक हटकणारच. शेवटच्या महिन्यात उरलेले पैसे संपवायला पेटीभर पिपेटच्या टिप्स आणि हातमोजे घेणं हा तर त्यांचा आवडता शिकारीचा प्रांत: प्रकल्प संपताना आलेला माल प्रकल्पाला कसा लागला ते सांगा बघू.

मुदतवाढ बिनखर्चाची मिळायची. दोन वर्षांचा प्रकल्प त्याच पैशात तिसऱ्या वर्षात नेता यायचा, आणि पुष्कळांनी नेला. पण सप्टेंबर २०११ मध्ये ओएमबीने फर्मान काढलं की या कायद्याची अनुदानं ३० सप्टेंबर २०१३ पर्यंत खर्चून टाका, अपवाद हवा तर विशेष परवानगी घ्या. त्यानंतर उरलेलं विद्यापीठाचं नाही.

---

सातबारा

उरला प्रश्न ४ आणि आपल्याकडचं.

आरसी१, आरसी२ यांचं नूतनीकरण नव्हतंच. काम पुढे न्यायचं तर नवा आर०१ लिहा. म्हणजे २००९ मध्ये ज्यांना मिळालं ते सगळे २०११-१२ मध्ये एकाच वेळी त्याच दाराशी. तोवर अंदाजपत्रक वाढलं नव्हतं, उलट किंचित घटलं. २०१३ मध्ये सीक्वेस्टरची (सरकारी खर्चातली सरसकट सक्तीची कपात) ५ टक्के कात्री लागली, १.५५ अब्ज गेले, आणि संशोधन अनुदानांचं यशाचं प्रमाण १६.८ टक्क्यांवर आलं.

याचा दोष एकट्या स्टिम्युलसवर ढकलू नका. मुळं जुनी आहेत. १९९८ ते २००३ मध्ये एनआयएचचं अंदाजपत्रक १३.६ वरून २७ अब्जांवर नेलं, विद्यापीठांनी त्या जोरावर इमारती बांधल्या, माणसं घेतली, आणि मग वाढ थांबली. २००९ चा पैसा आला तेव्हा ते दुखणं चालूच होतं. त्याने दोन वर्षं ताप उतरवला. एच-१बीवरच्या माणसाला हे जास्त भोवलं, कारण नोकरी गेल्यावर ६० दिवसांची सवलत २०१७ मध्ये आली. त्याआधी शेवटचा पगार म्हणजे शेवटचा दिवस.

आपल्याकडे सगळ्यात जवळचं उदाहरण नोव्हेंबर २०२० चं. आत्मनिर्भर भारत पॅकेजच्या तिसऱ्या हप्त्यात जैवतंत्रज्ञान विभागाला कोविड लस-संशोधनासाठी ९०० कोटी रुपये जाहीर झाले, 'मिशन कोविड सुरक्षा' म्हणून, अंमलबजावणी त्याच विभागाच्या बायरॅक या कंपनीकडे. पुण्याच्या जिनोव्हाच्या एमआरएनए लशीला त्यातून हातभार लागला. मुंबईच्या हाफकिन बायोफार्माला कोव्हॅक्सिनच्या उत्पादनाची सोय करायला केंद्राने ६५ कोटी दिले. पण जात वेगळी. तिकडे पैसा विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांमध्ये पसरला आणि पगारात गेला. इकडे ठरावीक उत्पादनांमागे, बहुतांश कंपन्यांकडे. आणि प्रमाणही बघा: १०.४ अब्ज डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ५० हजार कोटी रुपये. टिपणात शेजारी शेजारी ठेवायचंच असेल तर 'रोजगार' हा स्तंभ ठेवू नका, तुलना होणार नाही. आपल्याकडचा मुख्य कागद जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र. त्यात पैसे कुठे गेले ते असतं, किती तास कामाचे झाले ते नसतं.

---

मंजुरीपत्र

विदा स्वतः काढायचा असेल तर एनआयएच रिपोर्टर (अनुदानांचा खुला माहितीसाठा) उघडा, आर्थिक वर्ष २००९ आणि २०१० निवडा, ॲक्टिव्हिटी कोडमध्ये आरसी१ आणि आरसी२ टाका. तिथले मोठे प्रकल्प लगेच मिळतील. पुरवण्या काढताना जपून: त्यांचा क्रमांक मूळ अनुदानाचाच असतो, फक्त सुरुवातीला ३ आणि शेवटी एस१, एस२ लागतं. मूळ आणि पुरवणी वेगवेगळे प्रकल्प धरून मोजले तर प्रकल्पसंख्या फुगते. अमेरिकेचं सरकारी आर्थिक वर्ष आदल्या १ ऑक्टोबरला सुरू होतं हेही धरा, नाहीतर सप्टेंबर २००९ ची मंजुरी तुम्ही २०१० मध्ये शोधत बसाल.